भाग क्रमांक सत्तेचाळीस: हिल्का

दोन सेंटिमीटर कमी पडत होते. सगळी भानगड एवढ्याचीच, आणि मी ते पहिल्या दिवसापासून बोंबलून सांगत होतो. म्हटलं, "वाल्तेरी, एका पेटीत चार अँटेना बसवायच्या तर त्यांच्यात अंतर लागतं. निदान अर्ध्या लाटेइतकं, म्हणजे सहा सेंटिमीटर. तू मला चारच देतोयस. एक बोलायला लागली की शेजारचीचे कान बसणार."

वाल्तेरी आमचा संचालक. वय चौतीस, दाढी कोरलेली, लाटा कशाशी खातात ते ठाऊक नाही. म्हणाला, "ताइस्तो, पेटी लाकूडतोड्याच्या शर्टाच्या खिशात मावली पाहिजे. खिसा काही मोठा होत नाही."

"मग लाट लहान कर."

"करता येते?" त्यानं विचारलं. खरंच विचारलं हो! कप्पाळ माझं.

आमच्या ओउलू शहरात प्रत्येक तिसरा माणूस रेडिओवाला. त्यातली आमची कंपनी म्हणजे चिल्लर. आम्ही अकरा माणसं आणि कॉफीवाली हिल्का. हिशेब नेहमी असाच व्हायचा, अकरा आणि हिल्का. स्वीडनमधल्या एका बड्या लाकूड कंपनीला जंगलातल्या माणसांशी बोलायला या रेडिओच्या पेट्या हव्या होत्या. ऑर्डर मिळाली तर अकरा घरांच्या चुली पेटत्या राहणार होत्या. नाही मिळाली तर मी अठ्ठावन्नाव्या वर्षी कुणाच्या दारात उभा राहणार होतो, देव जाणे.

मी चार सेंटिमीटरमध्ये बसवल्या. आणि गंमत म्हणजे पेटी झकास चालली. आकडे असे देखणे की मलाच संशय यायला हवा होता. आला नाही. चार महिने रोज मोजलं, रोज तेच. वाल्तेरी मला पाठीवर थाप मारून म्हणायचा, "बघ, उगाच रडत होतास."

आता चूक कशी झाली ते ऐका. मोजणी बरोबर दोन वाजता व्हायची. दोनला कॉफीची सुट्टी, ती कामगार करारात लिहिलेली. आमचा मेकॅनिक उन्तो युनियनचा माणूस. छताला आग लागली तरी कॉफी संपवूनच बादली उचलेल. पण करारात माणसांना सुट्टी आहे, यंत्राला नाही. म्हणून आम्ही दोनला मोजणीचं यंत्र चालू करायचो. ते आपलं आपण बारा मिनिटं चालायचं, आम्ही भिंतीशी बसून कॉफी प्यायचो. कामही होतंय, कराराचाही मान राहतोय. यापेक्षा शहाणपणाचं काय असणार? मोजणीच्या खोलीत माणूस नको हा नियम आम्हाला पाठ होता, म्हणून आम्ही अकराही जण दाराबाहेर बसायचो.

हिल्का आत उभी असायची. तिची गाडी दारात वळायची नाही, म्हणून कप वाटून झाले की ती किटली घेऊन आतच थांबायची. पण अकरा आणि हिल्का. तिला माणसांत धरलंच नव्हतं कुणी.

मार्चात स्कीच्या सुट्टीचा आठवडा आला आणि हिल्का रजेवर गेली. पेटी सोमवारी दोन वाजता ठार बहिरी झाली. तीन नंबरच्या अँटेनाला दोन नंबरच्या गोंगाटापुढे काही म्हणता काही ऐकू येईना. आम्ही तारा बदलल्या, कथलाचे डाग बदलले, वीज बदलली. उन्तोनं पेटीला शिव्या दिल्या. पूर्वी तोही उपाय चालायचा. शुक्रवारी वाल्तेरी पांढराफटक पडून म्हणाला, "संपलं सगळं."

पुढच्या सोमवारी दोन वाजता हिल्का गाडी ढकलत आली, पाऊण भरलेली किटली हातात घेऊन आपल्या नेहमीच्या फरशीवर उभी राहिली, आणि पेटीला खणखणीत ऐकू यायला लागलं.

"काय रे, सगळे माझ्याकडे असे काय बघताय?" ती म्हणाली. "केसांत काही अडकलंय का?"

"हिल्का," उन्तो म्हणाला, "जरा एक पाऊल डावीकडे हो."

ती झाली. पेटी बहिरी.

"आता परत ये."

ती आली. पेटी शुद्धीवर.

"अरे मेल्यांनो," हिल्का म्हणाली, "कॉफी पिणार आहात की मला नाचवणार आहात?"

कारण मी कागदावर मांडलं. दोन नंबरची लाट हिल्काच्या अंगावर आपटून परत यायची आणि तीन नंबरपाशी पोचणाऱ्या गोंगाटाला नेमकी उलटी पडून त्याला मारून टाकायची. पेटीत जे दोन सेंटिमीटर कमी होते, ते हिल्का भरून काढत होती. उंची एकशे चौसष्ट, पायात पांढरे लाकडी तळाचे जोडे, कमरेला ॲप्रन, उजव्या हातात स्टीलची किटली.

वाल्तेरी म्हणाला, "छान. मग हिल्काच्या जागी दुसरं काहीतरी ठेवा."

दोन आठवडे आम्ही तेच करत होतो. मिठाच्या पाण्याचं पिंप ठेवलं, नाही. बटाट्याची पोती रचून त्यांना ॲप्रन बांधला, नाही. उन्तोला ॲप्रन बांधला, तर आकडे इतके खाली गेले की यंत्रच बंद पडलं. "मी आधीच सांगितलं होतं," उन्तो म्हणाला, "मला बायकी कामं जमत नाहीत." यावर हिल्कानं त्याला दोन दिवस कॉफी थंड दिली. कुणाच्या तरी मामाकडून शिवणकामाचा पुतळा आणला. त्याच्या पोटात खारट लापशी भरली. चौथ्या दिवशी त्याला वास यायला लागला.

शेवटी वाल्तेरीनं हात टेकले आणि हुकूम सोडला की हिल्काला ड्रॉइंगमध्ये घ्या. आणि मी घेतलं! चाळीस वर्षांच्या नोकरीत एवढं येडपट ड्रॉइंग मी काढलं नव्हतं. स्क्रू, झाकण, रबराची कड, आणि मग भाग क्रमांक सत्तेचाळीस: हिल्का, नग एक, पेटीपासून सत्तर सेंटिमीटर, तोंड ईशान्येला. किटली पाऊण भरलेली, पाच टक्के कमीजास्त चालेल. फरशीवर पिवळ्या चिकटपट्टीचा गोल आखला. एकशे साठ सेंटिमीटरवर दुसरा गोल, त्याच्या आत हिल्काशिवाय कुणी जायचं नाही. मोजणी बारा मिनिटांवरून दिवसाला पाच तासांवर गेली. तिला वेलदोड्याचे पाव खायला बंदी झाली, वजन बदलायला नको म्हणून.

"एकतीस वर्षं हे पाव मी भाजलेत," ती म्हणाली, "आणि आता मीच वास घेत उभी राहू? वा रे वा."

पण राहिली उभी. एकतीस मार्चला ती निवृत्त होणार होती, केकही सांगून ठेवला होता. वाल्तेरी तिला म्हणाला, "हिल्का, स्वीडनचा माणूस चोवीस एप्रिलला येतोय. तेवढं थांब. अकरा घरांचा प्रश्न आहे." तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवलं. मग म्हणाली, "बरं. पण चोवीस म्हणजे चोवीस. मला बहिणीकडे जायचंय."

आता माझं सांगतो. हिल्का मला आवडते. एकतीस वर्षं आवडते. मी हे कुणाला बोललो नव्हतो, हिल्काला तर नाहीच. रोज सव्वानऊला आणि दोनला ती माझ्या कपात कॉफी ओतायची, मी "थँक्यू" म्हणायचो, ती "हं" म्हणायची. आमच्यात हे पुष्कळ झालं. उन्तो आणि त्याच्या बायकोतसुद्धा याहून जास्त बोलणं होत असेल असं वाटत नाही. मी मनाशी म्हणायचो, सांगू कधीतरी, घाई काय आहे. आणि एकतीस मार्च दिसायला लागल्यावर मी रोज दिवस मोजायला लागलो होतो. ती थांबली तेव्हा मी मोरीत जाऊन तोंड धुतलं, कारण मला हसू आवरेना.

आठ एप्रिलला, सोमवारी, मला उपाय सापडला. शेंबड्या पोरालाही सुचावा इतका सोपा. तीन नंबरची अँटेना उभी होती, ती आडवी करायची. एक उभी, एक आडवी. मग चार सेंटिमीटर असोत की तीन, त्या एकमेकींचं फारसं ऐकतच नाहीत. मी गुपचूप दुसरी पेटी तशी बनवली. सगळे घरी गेल्यावर मोजली. हिल्काशिवाय चालली.

मी ती पेटी टेबलाच्या खणात ठेवली आणि खणाला कुलूप लावलं.

नालायकपणा होता, मान्य. अठ्ठावन्न वर्षांचा घोडा, आणि बाई आणखी चार दिवस दिसावी म्हणून तिला पाच-पाच तास गोलात उभी ठेवतो! पण रोज मी त्या बाहेरच्या गोलाच्या कडेला बसून आकडे लिहायचो, आणि समोर ती असायची. बोलणंही व्हायला लागलं होतं.

"पाय दुखतात का?" मी एकदा विचारलं.

"दुखतात," ती म्हणाली. "तुझी मान दुखते का? सारखा इकडेच बघतोस म्हणून विचारलं."

"आकडे बघतो मी."

"आकडे तुझ्या डावीकडे आहेत, ताइस्तो."

चोवीस तारखेला इंगेमार आला. उंच, शांत, स्वीडिश. आमच्या वाल्तेरीनं टाय लावला होता. हिल्का गोलात उभी राहिली, मी यंत्र चालू केलं, बारा मिनिटांनी कागद बाहेर आला. इंगेमारनं तो वाचला, परत वाचला, आणि म्हणाला, "सुंदर. बारा हजार पेट्या."

वाल्तेरी जागच्या जागी टुणकन उडाला.

"फक्त एक शंका," इंगेमार म्हणाला. "भाग सत्तेचाळीस. हे वेगळे येतात की पेटीसोबत?"

"कोण?"

"हिल्का. बारा हजार लागतील ना?"

उन्तोनं खोकल्याचं नाटक केलं. मला वाटलं, आता हा स्वीडिश हसेल आणि आपण सगळे सुटू. हसला नाही. वही काढून गंभीरपणे विचारू लागला, जंगलात या बाईंना हिवाळ्यात काय तापमान चालतं, आणि लाकूडतोड्याच्या केबिनमध्ये एकच सीट आहे, तर त्या कुठं उभ्या राहणार. वाल्तेरीनं त्याच दमात सांगितलं की नमुन्यादाखल ही हिल्का ऑक्टोबरपर्यंत उपलब्ध आहे, बाकीच्यांचं आपण बघू. आणि त्यानं कागद काढला. आधीच छापून ठेवला होता चोरानं.

"हिल्का, फक्त सही. सहा महिने. अकरा घरं!"

नेमका तेव्हा तिचा फोन वाजला. ती गोलातच उभी होती, तिथूनच बोलली. पलीकडून बाईचा आवाज येत होता, इतका मोठा की आम्हा सगळ्यांना ऐकू यावा.

"हिल्का, मी लेम्पी. येऊ नकोस आता. बर्फावरचा रस्ता बंद केलाय काल. पाटी लावलीय."

"चालत?"

"चालत उद्यापर्यंत जमेल, म्हणतात. परवाचं सांगता येत नाही. जाऊ दे गं. मला काय धाड भरलीय? एका हातानं फोडते लाकडं."

"प्लास्टर कधी काढणार?"

"बेटावर कोण येतंय काढायला? बर्फ फुटून बोटी चालू झाल्या की बघू. महिनाभराचा तर प्रश्न."

हिल्कानं फोन ठेवला. आम्ही सगळे जमिनीकडे बघत होतो. बहीण आहे हे आम्हाला माहीत होतं. सुओमुस्साल्मीच्या बाजूला आहे हेही माहीत होतं. ती तळ्यातल्या बेटावर एकटी राहते, तिचा हात मोडलाय, आणि बर्फ कुजायला लागला की महिनाभर तिथं ना चालत जाता येतं ना बोटीनं, हे एकतीस वर्षांत एकानंही विचारलं नव्हतं. विचारणं आमच्यात बसत नाही. फार अंगचटीला गेल्यासारखं होतं.

हिल्का वाल्तेरीला म्हणाली, "पेन दे."

"हिल्का..." उन्तो म्हणाला.

"गप बस. तुझी दोन पोरं शिकतायत अजून." तिनं पेन घेतलं. कागद गाडीवर सपाट केला आणि सहीची जागा शोधायला लागली.

मी उठलो. खणाचं कुलूप काढलं. पेटी आणली, पिवळा गोल ओलांडून थेट आत गेलो, स्टँडवरची जुनी पेटी उचलून माझी ठेवली.

"हिल्का, बाहेर जा," मी म्हणालो. "पार गाडीतळापर्यंत जा."

"ताइस्तो, काय करतोयस?" वाल्तेरी किंचाळला.

मी यंत्र चालू केलं. बारा मिनिटं वाल्तेरी टायशी खेळत राहिला. कागद बाहेर आला. आकडे आधीच्यापेक्षा चांगले होते.

वाल्तेरीनं मला मिठी मारली, जी मला अजिबात आवडत नाही. इंगेमार मात्र खट्टू झाला. म्हणाला, "चांगलं आहे. पण मला आधीची रचना जास्त आवडली होती. तिच्यात काहीतरी होतं." तरी त्यानं बारा हजारांवर सही केली. अकरा घरं वाचली.

हिल्का दारात उभी होती. गाडीतळावर गेलीच नव्हती.

"हे कधी केलंस?" तिनं विचारलं.

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं मी. "आठ तारखेला."

"सोळा दिवस," ती म्हणाली. "आठ तारखेला त्या बर्फावरून ट्रॅक्टर जात होते, ताइस्तो."

तिनं ॲप्रन सोडला, घडी केली, गाडीवर ठेवला. कसला केक अन् कसलं काय.

"गाडी काढ," ती म्हणाली. "तू सोडणार आहेस मला."

तीन तास ती माझ्या शेजारी रस्त्याकडे बघत बसली होती, मागच्या सीटवर तिच्या पिशव्या. वाटेतल्या पुदास्यार्वी गावापाशी मी हीटर कमी करू का विचारलं, ती "हं" म्हणाली. तळ्यावर पोचलो तेव्हा ऊन अजून चांगलं होतं आणि बर्फ करड्या रंगाचा, भिजल्या ब्लँकेटसारखा दिसत होता. काठाशी बंदची पाटी. बेट दीड किलोमीटरवर, धुराची बारीक रेघ दिसत होती.

शेजारच्या शेडमधून तिनं पायानं ढकलायची घसरगाडी काढली, तिच्यावर पिशव्या बांधल्या, हातात पहार घेतली. मग माझ्या गळ्यात दोरीला बांधलेल्या दोन लाकडी मुठी अडकवल्या, प्रत्येकीला टोकाशी खिळा.

"मी येऊ म्हणतेस?"

"पिशव्या कोण ढकलणार? मला बर्फ तपासायचाय. आणि हे बघ, बुडालास तर हे खिळे बर्फात रोवून वर यायचं. ओरडायचं नाही, उगाच दम जातो." मग म्हणाली, "पंधरा मीटर मागं राहा. दोघांचं वजन एका जागी नको."

अंतराचं मला कोण शिकवणार! पंधरा मीटर म्हणजे पंधरा मीटर ठेवले मी. ती पुढं, दर चार पावलांना पहार आपटत. मी मागं घसरगाडी रेटत, बुटात पाणी. खालून बर्फ कण्हल्यासारखा आवाज करत होता. निम्म्यावर पोचलो तेव्हा मला वाटलं, आता नाही बोललो तर मेलोच, आणि इथं कदाचित खरोखरच मरेन.

"हिल्का!" मी ओरडलो.

"काय?" ती वळली नाही.

"पेटी मी मुद्दाम लपवली!"

"ते कळलंय मला! मूर्ख नाही मी!"

"तू गेली असतीस म्हणून लपवली! मला तू जायला नको होतीस! कधीच नको होतीस!"

काठावर कुठंतरी कुत्रं भुंकायला लागलं. बेटावर, घराच्या पायरीवर एक बाई पांढरा हात छातीशी धरून उभी राहिलेली दिसली. तिनंही ऐकलं असणार. तळ्यावर आवाज लांब जातो.

हिल्का थांबली. पहार रोवली आणि पहिल्यांदा वळून माझ्याकडे बघितलं. मी आपोआप एक पाऊल पुढं टाकलं.

"तिथंच थांब!" ती ओरडली. "इथं बर्फ पातळ आहे, म्हणून पंधरा मीटर. ठीक. पण एकतीस वर्षं, ताइस्तो! त्या कॉफीच्या खोलीत फरशी होती रे. तिथं कशाला उभा होतास लांब?"

तिनं पहार उपटली. मग वळून ती पहार आपटत चालायला लागली. मीही घसरगाडी रेटत निघालो, पंधरा मीटर मागून, कारण त्या बर्फाला आम्ही दोघं एका जागी पेलणार नव्हतो.